पूजेला बसलेला बेडूक

माझ्या वडिलांची चाळीस वर्षांची मास्तरकी मी एका सकाळी हळदकुंकू लावून बुडवली.

ही गोष्ट मी आजवर खोटीच सांगत आले. कधी दोष फ्लॉपीवर ढकलला, कधी शाळेच्या मशीनवर, आणि एकदा तर जेवायला आलेल्या पाहुण्यांना अमेरिकेतल्या बेडकांनी घात केला असं सांगितलं. पाहुणे हातात घास धरून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. आई होती तोवर खरं सांगायची सोय नव्हती. का, ते पुढे कळेलच. आता ती नाही, तेव्हा एकदा पहिल्यापासून नीट सांगते आणि दोष ज्याचा त्याच्या पदरात घालते. (पदर माझाच आहे.)

आम्ही मूळचे निपाणीकडचे. अप्पा ऐन तारुण्यात नोकरीसाठी बेंगळूरला आले आणि बसवनगुडीतल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागले. त्यामुळे आमच्या घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि भांडणं दोन्ही भाषांत. अप्पांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती: बेडूक! खडू एकदा फळ्याला टेकवला की बेडूक पुरा होईपर्यंत उचलायचा नाही. नाकापासून निघायचं, पाठीवरून उतरायचं, मागचा पाय दुमडायचा, बोटं मोजून काढायची आणि पोटाखालून परत नाकाशी. पंधरा सेकंद! वर्ग टाळ्या वाजवायचा. रस्त्यात चांगली टक्कल पडलेली माणसं त्यांना अडवून विचारायची, "सार, ते कप्पे अजून काढता का?" कप्पे म्हणजे बेडूक. आमच्या गल्लीत अप्पांना 'कप्पे मेष्ट्रु', म्हणजे बेडूकमास्तर, असंच म्हणायचे. (मला शाळेत काय म्हणायचे ते विचारू नका.)

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षी अप्पांचा उजवा हात थरथरायला लागला. सुरुवातीला कॉफीचा पेला त्याच्या बशीसारख्या वाटीत ठेवताना किणकिण वाजायची. मग कॉफी सांडायला लागली. एके दिवशी आईने त्यांचा पेला अर्धाच भरला. अप्पांनी पेल्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि प्यायले. थोड्या वेळाने उरलेली अर्धी कॉफी आली. आमच्या घरात या विषयावर झालेली चर्चा ती एवढीच.

शाळेत अप्पांनी 'नवी पद्धत' काढली. "आज फळ्यावर मी नाही, तुम्ही काढायचं!" असं म्हणून ते एकेका मुलाला पुढे बोलवायचे. मुलं खूष. त्यांनी काढलेले बेडूक उंदरासारखे दिसत, पण मास्तरांचा हात कुणाला दिसत नसे. घराबाहेर पडले की ते छत्री घ्यायचे, पाऊस असो वा नसो. छत्रीची मूठ घट्ट धरली की हात गप्प बसायचा. मला हे कळत होतं आणि कळल्याचं मी दाखवत नव्हते, कारण त्यांना ते चाललं नसतं.

अप्पा तसे निवृत्त झालेलेच होते. शाळा दरवर्षी एकेक वर्ष मुदत वाढवून देत होती. पण त्या वर्षी संस्थेला नवे सेक्रेटरी आले. होसकोट्याला त्यांचा नटबोल्टचा कारखाना होता आणि त्यांना सगळं मॉडर्न हवं होतं. त्यांनी ठरवलं की दसऱ्याच्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी आपण आणि हेडमिस्ट्रेस अप्पांचा एक पाठ बघायचा आणि मग मुदतीचं काय ते बघायचं. हेडमिस्ट्रेस राजम्मा ही अप्पांची जुनी विद्यार्थिनी. तिनेच हौसेने सांगितलं, "सार, बेडकाचाच पाठ घ्या!"

अप्पा घरी आले ते छत्रीसकट खुर्चीत बसले. वर्ग गेला तर ह्या माणसाचं काय होणार, हे आई आणि मी मनातल्या मनात विचारत होतो. रविवारीसुद्धा ज्यांना दुपारपर्यंत कसंतरी व्हायचं, त्यांना बाराही महिने रविवार!

आणि तेव्हा मला कल्पना सुचली. (माझ्या आयुष्यातल्या सगळ्या वाईट गोष्टींची सुरुवात या वाक्याने होते.)

मी जे. पी. नगरच्या एका कंपनीत कॉम्प्युटर इंजिनियर होते. माझं काम होतं बॅकअप घेणं. म्हणजे दुसऱ्यांच्या सगळ्या माहितीची रोज आणखी एक प्रत करून ठेवायची, न जाणो पहिली बिघडली तर! या विषयावर मी नव्या मुलांना भाषणंही द्यायची. हे लक्षात ठेवा.

"अप्पा, फळ्यावर काढायचंच कशाला?" मी म्हटलं. "इंटरनेटवर चित्रं असतात. रंगीत! बेडूक, बेडकाचं हृदय, आतडी, काय पाहिजे ते. मी उतरवून आणते. शाळेच्या कॉम्प्युटरवर मी दाखवत जाईन, तुम्ही नुसतं बोलायचं!"

"आणि बेडूक देणार कोण?"

"कुणीही! परदेशातली विद्यापीठं देतात. फुकट!"

"फुकट का देतात?"

"त्यांच्याकडं जास्त झाले असतील," आई भाजी चिरता चिरता म्हणाली.

अप्पा कधी नव्हे ते हसले. आणि 'सरी' म्हणाले. अप्पांचं 'सरी' म्हणजे होकार, पण फार खोदून विचारायचं नाही अशातला.

आमच्या घराजवळ एका डोसा हॉटेलच्या माडीवर मंजुनाथचं सायबर कॅफे होतं. दहा कॉम्प्युटर, दहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि खालून येणारा लोण्याचा वास. एका खुर्चीवर कुणी व्हिसाचा फॉर्म भरत असे, दुसऱ्या खुर्चीवर एखादं कुटुंब स्थळाचा फोटो बघत असे, आणि तिसऱ्या खुर्चीवर मी.

"मॅडम, आज काय बघायचं?" मंजुनाथ विचारायचा.

"बेडूक."

"कालही बेडूकच होता ना?"

"काल आतडी नीट आली नाहीत."

तो माझ्यापासून जरा लांबच उभा राहायला लागला.

पहिल्या दिवशी मी 'बेडूक' असं इंग्रजीत टाकलं तर हजारो निघाले! टोपी घातलेले बेडूक, गिटार वाजवणारे बेडूक, बेडकाच्या आकाराचा साबण, आणि एका बाईने आपल्या पाळलेल्या बेडकाचा वाढदिवस केला होता त्याचे फोटो. खरा, शिकवण्याजोगा बेडूक मिळायला चार दिवस लागले. तो दाखवायला मी अप्पांना घेऊन गेले.

तेव्हाची चित्रं एकदम येत नसत. वरून खाली, पट्टी पट्टीने उतरायची. आधी आकाश, मग गवत, मग कपाळ. मी कंटाळून टेबलावर बोटं वाजवत होते. अप्पा मात्र खुर्चीत पुढे सरकले.

"आता काय दिसेल?" त्यांनी सगळ्या कॅफेला उद्देशून विचारलं.

सगळ्यांनी आपापल्या पडद्यात डोकी घातली.

"अहो, कपाळ झालं. आता काय?"

"डोळे, सार," मंजुनाथ चाचरत म्हणाला.

"शाब्बास! आणि डोळे इतके वर का?"

व्हिसाचा फॉर्म भरणारा मुलगा वळला. स्थळ बघणारं कुटुंब नवऱ्यामुलाला अर्ध्यावर सोडून आमच्याकडे बघू लागलं. बेडूक पायाच्या बोटांपर्यंत उतरेस्तोवर अप्पांनी त्या दहा खुर्च्यांचा वर्ग करून टाकला होता. खाली उतरताना ते जिन्यातच म्हणाले, "माध्यम चांगलं आहे. सावकाश आहे." मला इतका आनंद झाला की मी दोन मसाला डोसे मागवले आणि त्यांचा डोसा मीच तोडून दिला, सहज तोडल्यासारखा.

पण चित्र पसंत पडणं वेगळं! अप्पा बेडूक असे नाकारायचे की मुली बघणाऱ्यांनी शिकावं.

"हा उपाशी दिसतो."

"अप्पा, तो बेडूक आहे."

"हा आपला नव्हे. आपला असा बसत नाही. आपला जरा पुढे झुकून बसतो, कुणीतरी बोलवेल म्हणून."

एकाची पाठ फार गुळगुळीत, एकाच्या मागच्या पायाला चारच बोटं दिसतात ("पाचवं कुठे गेलं? विद्यापीठ कसलं हे!"), एकाचं तोंड मराठी सातवीच्या परीक्षकासारखं. शेवटी मी रंग सुधारायला इंटरनेटवरून एक फुकट मिळणारी करामत, म्हणजे प्रोग्रॅम, उतरवून घेतली. तिने रंग झकास केले, पण फुकट असल्यामुळे चित्राच्या मधोमध 'नमुना प्रत' असं तिरकं छापून ठेवलं.

"याच्या पोटावर काय गोंदलंय?" अप्पांनी विचारलं.

दोन महिने! रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की बेडूक. दसऱ्याच्या आधी सात चित्रं पक्की झाली, पोटं स्वच्छ असलेली, अप्पांनी पास केलेली. एकेका फ्लॉपीवर एकेक चित्र. लेबलं मी लिहिली. मंजुनाथ दर रविवारी आपली मशीनं पुसून कोरी करायचा, तेव्हा ही सात चित्रं आता जगात माझ्याकडे फक्त त्या सात फ्लॉप्यांत होती. दुसरी प्रत? मी रोज दुसऱ्यांच्या घरचं राखत होते, स्वतःचं दार उघडं टाकून.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी शस्त्रं पूजतात. शस्त्रं म्हणजे ज्याचं जे असेल ते. आईची विळी, अप्पांची खडूची पेटी आणि बेडूक कापायची कात्री. सगळं घासूनपुसून सरस्वतीपुढे पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं आणि दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मी आतल्या खोलीत फोनवर होते. ऑफिसातली नवी मुलगी सुट्टीच्या दिवशी अडली होती.

"विद्या, तुझं शस्त्र दे की गं!" आईने हाक मारली.

"माझं ऑफिसात आहे. फ्रीजएवढं आहे!"

"मग ह्या चकत्या ठेवू काय? अप्पांचा बेडूक आहे न्हवं यात?"

मला ते फारच आवडलं. अप्पांचा बेडूक पूजेला! "ठेव की," मी म्हटलं आणि फोनमध्ये सांगितलं, "हे बघ, बॅकअपच्या टेपला धूळ लागू द्यायची नाही."

"पुसून घेऊ काय?"

"घे." (फोनमध्ये: "ओला हात तर अजिबात नाही!")

"कुंकू कुठं लावू?"

"लाव गं कुठंही! चकाकतंय तिथं लाव!" (फोनमध्ये: "आणि मुख्य म्हणजे कुणाच्या हाती सोपवायचं नाही, स्वतः डोळ्यांनी बघायचं.")

फोन ठेवून मी बाहेर आले. सात फ्लॉप्या पाटावर ओळीने बसल्या होत्या आणि प्रत्येकीवर एकेक झेंडूचं फूल होतं. मी हात जोडले. डोळे मिटून मी म्हटलं, देवी, अप्पांचा वर्ग राहू दे. इतक्या मनापासून मी परीक्षेच्या वेळीही कधी काही मागितलं नव्हतं.

दसऱ्याच्या संध्याकाळी उत्तरपूजा झाल्यावर, एकदा चालवून बघावं म्हणून मी फ्लॉप्या घेऊन मंजुनाथकडे गेले. तिथे त्याची दहाही मशीनं अजून पूजेत होती! मॉनिटरना केळीचे खुंट बांधलेले, उंबरठ्यावर फोडलेला कोहळा, आणि प्रत्येक काचेवर कुंकवाचा टिळा.

"आज इल्ला मॅडम," तो म्हणाला. आज नाही. "उद्या या."

उद्या सकाळी तर पाठ होता. मी त्या काचांकडे बघून हसत हसत परत आले आणि घरी सांगितलं, "काय अडाणी माणूस आहे! काचेवर कुणी कुंकू लावतं का?"

आईने मान हलवली. "खरंच की," ती म्हणाली.

सकाळी अप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. बटणं आईने लावली, बोलता बोलता, जणू दोघांनाही त्याचं काही नाही. मी अर्ध्या दिवसाची रजा काढून बरोबर गेले.

शाळेच्या कॉम्प्युटर रूमला देवळाचे नियम होते. चपला बाहेर. खडू आत न्यायचा नाही, धूळ होते. भिंतीवर पांढरा गुळगुळीत बोर्ड आणि मार्कर. ए.सी. कायम चालू. दाराशी रंगप्पा शिपाई पहारा द्यायचा.

"सार, छत्री बाहेर," तो म्हणाला.

अप्पांनी छत्री चपलांपाशी ठेवली आणि हात पँटच्या खिशात घातला.

आत एका मॉनिटरभोवती नववीची बेचाळीस मुलं अनवाणी गोळा झाली होती. मागे सेक्रेटरी आणि राजम्मा मॅडम खुर्च्यांवर. अप्पा म्हणाले, "आज आपण एका जुन्या मित्राला भेटणार आहोत." मी ऐटीत पहिली फ्लॉपी घातली.

कर्र... कर्र... खट्ट!

ही फ्लॉपी वाचता येत नाही, पुसून कोरी करू का, असं मशीनने नम्रपणे विचारलं.

"एक मिनिट," मी म्हटलं. दुसरी घातली. कर्र, खट्ट. पुसून कोरी करू का? "एकच मिनिट!" तिसरी घातली, आणि देवाची कृपा, आकाश आलं! गवत आलं. कपाळ, डोळे, नाकपुड्या. तिथे मशीन एकदा कण्हलं आणि थांबलं. खाली नुसता राखाडी रंग.

अप्पांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग वर्गाकडे वळले.

"हं. किती दिसतोय? एवढाच! का बरं एवढाच? कारण बाकीचा पाण्याखाली आहे. बेडूक तळ्यात असतो तेव्हा आपल्याला एवढाच दिसतो. आता सांगा, बाकीचं शरीर बुडालेलं असताना हा श्वास कसा घेतो?"

मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. अर्ध्या डोक्याच्या बेडकावर त्या माणसाने वीस मिनिटं काढली! मुलं पुढे पुढे सरकत होती. सेक्रेटरींनी खिशातून कागद काढून काहीतरी टिपून घेतलं. मला वाटलं, निभावलं. खरंच निभावलं होतं. मी तेव्हा हात बांधून गप्प बसले असते तर!

पण मला आणखी चांगलं करायचं होतं. मी हळूच फ्लॉपी बाहेर काढली आणि आत काही अडकलंय का बघायला टेबलावर झटकली. तिच्यातून लाल भुकटी पडली. चौथी झटकली, पिवळी पडली. पाचवीतून एक तांदळाचा दाणा निघाला आणि टणकन सेक्रेटरींच्या पायाशी जाऊन पडला.

त्यांनी तो उचलून उजेडात धरला. "अक्षता?"

दाराशी रंगप्पाने नकळत हात जोडले.

वर्ग खो खो हसायला लागला. आणि त्या हशात, सारांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, राजम्मा मॅडम मोठ्या प्रेमाने म्हणाल्या, "जाऊ दे हो ते मशीन! सार, तुम्ही बोर्डावर काढा. एका रेषेतला! मी ह्याच मुलांएवढी असताना बघितला होता."

मी मान वर करून 'नको' म्हणायला हवं होतं. काहीही कारण सांगायला हवं होतं, चक्कर येऊन पडायला हवं होतं. मी खाली वाकून फ्लॉपीतलं कुंकू फुंकत होते.

वर बघितलं तेव्हा अप्पांनी हात खिशातून काढला होता.

खडू फळ्यावर जरा रखडतो, त्याचा हाताला आधार असतो. मार्कर तसा नाही, तो निसटतो. अप्पांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि नाकापासून सुरुवात केली. पाठीची रेघ उतरली ती थरथरत. पाय दुमडला तो थरथरत. अप्पांनी मार्कर एकदाही उचलला नाही. पंधरा सेकंदांचा बेडूक दोन मिनिटांनी नाकाशी येऊन पोचला, आणि त्याच्या अंगावर एक रेघ सरळ नव्हती.

अगदी पुढे उभी असलेली एक मुलगी अगदी निरागसपणे म्हणाली, "सार, त्याला थंडी वाजतेय?"

"हो गं," अप्पा म्हणाले. "ए.सी. जास्त आहे."

मुलं हसली, अप्पाही हसले. राजम्मा मॅडम हसल्या नाहीत. त्या बोर्डाकडे बघत नव्हत्याच, हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी दुसरीकडे बघितलं, आणि मला सगळं कळलं.

बाहेर अप्पा चपला शोधत होते तेव्हा त्या जवळ आल्या. त्यांचे डोळे भरले होते. "सार, तुम्ही आता स्वल्प विश्रांती घ्यायला हवी."

स्वल्प म्हणजे थोडी. पण ती किती थोडी ते तिघांनाही ठाऊक होतं.

"सरी, मॅडम," अप्पा म्हणाले. ज्या पोरीला त्यांनी जन्मभर नुसतं राजम्मा म्हटलं, तिला त्या दिवशी पहिल्यांदा मॅडम म्हणाले.

शाळेपासून घर दहा मिनिटांवर. मी रस्ताभर रडत होते आणि अप्पा छत्री टेकत चालत होते. कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "अक्षता कुणी घातल्या?"

"आईने. पण मीच सांगितलं, कुठेही लाव म्हणून. मी बघितलंसुद्धा नाही."

"तिला कळता कामा नये."

घरी शिरा करून आई दारातच उभी होती. "काय झालं? कसा झाला पाठ?"

"उत्तम!" अप्पा म्हणाले. "मुलं हसली, खूष झाली. मीच म्हटलं, आता पुरे. चांगलं चाललंय तोवर थांबावं."

आईचा चेहरा उजळला. "होणारच चांगला! मी कशी पूजा केली होती! विद्या, तू म्हणालीस चकाकतंय तिथं लाव. पुसताना ती चकाकणारी पट्टी सरकली की गं बाजूला! आत गोल काळा देव. मी म्हटलं, वरच्या मखराला कुंकू लावून काय उपयोग? सातही चकत्यांच्या पट्ट्या सरकवून आतच लावलं, ओल्या बोटानं, नीट. एकेक अक्षतही ठेवली. सोडलं की आपोआप बंद! देव्हाऱ्याचं दार असावं तसं."

मी अप्पांकडे बघितलं. अप्पा शिरा खात होते. "म्हणूनच," ते म्हणाले. चमचा बशीवर वाजत होता.

आई जाईपर्यंत नातेवाइकांना सांगत असे की तिच्या पूजेमुळे अप्पांचा शेवटचा पाठ किती गाजला.

अप्पा त्यानंतरही रोज साडेआठला पँट-शर्ट घालून तयार व्हायचे. शाळेची घंटा आमच्या घरापर्यंत ऐकू यायची. घंटा झाली की ते पेपर खाली ठेवायचे, पुढची घंटा झाली की परत उचलायचे. माझ्याने ते बघवेना. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या आणल्या, फिरायला नेलं. गोळ्यांनी हात थोडा थांबला. अप्पांचं पेपर ठेवणं काही थांबलं नाही.

शेवटी एका रविवारी मी एक कोरी वही आणि पेन घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"अप्पा, मला बेडूक शिकवा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुला? आठवीत तू काढलेल्या बेडकाला मी बदक समजून मार्क दिले होते."

"म्हणूनच."

"एका रेषेत. पेन उचलायचं नाही."

"नाही उचलणार."

मी काढला. नाक, पाठ, पाय, सगळं त्यांनी सांगितलं तसं. मध्ये ते दोनदा रागावले, एकदा खुर्चीतून उठले, आणि "बोटं मोज! बोटं!" असं इतक्या जोरात ओरडले की आई लाटणं घेऊन बाहेर आली. पुढे मी सहा महिने दर रविवारी त्यांची विद्यार्थिनी होते. बेचाळीस मुलांच्या जागी एक, आणि तीही ढ! पण तो पहिला बेडूक पुरा झाला तेव्हा मी फार खूष होऊन वही पुढे केली.

अप्पांनी ती हातात घेतली. वही थरथरत होती. त्यांनी ती जवळ धरून पाहिली, लांब धरून पाहिली.

"हात तुझा अगदी स्थिर आहे," ते म्हणाले. "बेडूक मात्र मेलेला आहे."

आणि त्यांनी मला दहापैकी दोन मार्क दिले. त्यातला एक, नाव स्वच्छ लिहिल्याबद्दल.